रमेदी हे नाव कोणाचे?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली येथे झाला, या एका गोष्टीसाठी महाराष्ट्र या गावाला ओळखतो. वसईहून नोकरीनिमित्त येथे येऊन स्थायिक झालेल्या एका ख्रिस्ती कुटुंबात जाण्याचा योग आम्हांस आला. घरात दीड महिन्याची मुलगी होती. तिच्या स्नानसंस्काराचा दिवस ठरवायचा होता; परंतु बोलणे अडले ते नावापाशी. आईने ‘रेमेदिओस’ हे स्पॅनिश नाव निवडले होते. वडिलांना ते रुचले नव्हते. “फादर, हे नाव आपल्यात कोणाचेच नाही. शाळेत मुले हसतील. अर्थ तरी काय त्याचा?” त्यावर कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “अर्थ काय विचारतोस? आपली रमेदीच ती!”

आजींचे म्हणणे खरे होते. ‘रेमेदिओस’ म्हणजे उपाय, दुःखावरचे उतारे. स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांत पवित्र मारियेला ‘उपायांची माता’ म्हणून आळविले जाते. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. परकी सत्ता गेली. मातेचे नाव मात्र लोकांच्या जिभेवर ‘रमेदी’ होऊन राहिले आणि वसईतल्या एका गावाचेही तेच नाव झाले. कांदिवलीजवळचे पोयसरचे चर्चही याच मातेला वाहिलेले आहे. तेव्हा हे नाव दुर्मीळ असेल, परके नव्हे. खुद्द स्पेनमध्येही आज ते प्रामुख्याने वयस्क स्त्रियांचे नाव आहे. नव्या पिढीत ते क्वचितच ठेवले जाते. परंतु नाव किती जणांचे आहे, यावर त्याची योग्यता ठरत नाही. वासुदेव हे नाव घरोघरी असते. शिरढोणला ते भूषण झाले ते एका माणसाच्या जीवनामुळे.

वडिलांचे समाधान झाले. आम्ही निघण्याच्या बेतात होतो, तोच आई हलक्या आवाजात म्हणाली, “फादर, आमचे पहिले बाळ गेले. ही आमच्या दुःखावरचा उपाय आहे. म्हणून हे नाव.”

आम्ही पुन्हा बसलो. खरा प्रश्न आता पुढे आला होता. एका जीवाने दुसऱ्या जीवाच्या जागी जन्म घ्यावा काय? आपल्या दुःखाचे औषध होण्याचे काम तान्ह्या मुलीवर सोपविण्याचा अधिकार आईबापांना आहे काय?

असे पूर्वीही घडले आहे. १९०८ साली स्पेनमधील अँग्लेस या गावी एक मुलगी जन्मली. तिच्या आधीची बहीण वारली होती. त्या दुःखावरचा उतारा म्हणून आईने तिला रेमेदिओस मातेचे नाव दिले. हीच पुढे मेक्सिकोत नावारूपाला आलेली चित्रकार रेमेदिओस वारो. तिची ओळख राहिली ती तिच्या चित्रांमुळे. कोणाची भरपाई म्हणून नव्हे.

आपल्याकडे याच्या उलट टोकाची रीत होती. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिला ‘नकुशी’ म्हणायचे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ‘नकुशी’ या नावात तिरस्कार आहे, ‘रेमेदिओस’ या नावात माया आहे. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरीही एक धोका दोहोंत सारखाच आहे. मुलीकडे पाहताना मुलगी दिसत नाही, आईबापांची इच्छा किंवा व्यथा दिसते. उत्पत्तीच्या ग्रंथात राहेल मरतेसमयी आपल्या बाळाला ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ या अर्थाचे नाव देते. याकोब मात्र त्याला बन्यामीन म्हणतो. राहेलीवर त्याचे प्रेम थोडे नव्हते. पण मुलाने जन्मभर आईच्या मरणाचे ओझे वाहावे, हे त्याला मान्य नव्हते.

मग हे नाव ठेवू नये काय? आम्ही तसे म्हटले नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव देऊ नये, एवढीच धर्मसभेच्या कायद्याची अपेक्षा आहे, आणि हे तर मारियेचेच नाव. त्याचे पूर्ण रूप ‘मारिया दे लोस रेमेदिओस’, म्हणजे उपायांची मारिया, असे आहे. ११९८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या त्रैक्य संघाने बंदिवानांना खंडणी भरून सोडविण्याचे व्रत घेतले आणि याच मातेला आपली आश्रयदात्री मानले. ‘डॉन किहोटे’चा कर्ता सर्व्हान्टीस १५८० साली अल्जीयर्सच्या गुलामीतून सुटला, तो याच संघाच्या धर्मगुरूंनी पाचशे सुवर्णमुद्रा भरल्यामुळे. उपायाची किंमत कोणीतरी मोजावी लागते, आणि ती मोजतो समर्थ. गुलामाकडून कोणी खंडणी मागत नाही. आपल्या सर्वांसाठी ती ख्रिस्ताने क्रूसावर मोजली. मारिया आपले दुःख त्याच्यापाशी नेते. तान्ह्या बाळाने काही फेडावयाचे नसते. त्याने फक्त छायेत वाढायचे असते.

आम्ही त्या मातेस एवढेच सांगितले, “नाव अवश्य ठेवा. पण ‘तू आमचा उपाय’ असे हिला कधी म्हणू नका; ‘तुला सांभाळणारी एक माता आहे’ असे सांगा. आणि गेलेल्या बाळाचे नाव रोजच्या रोझरीत घ्या. त्याची जागा त्याचीच राहू द्या.”

ती बराच वेळ रडली. त्या घरात पहिल्या बाळाचे नाव कित्येक महिन्यांत कोणी उच्चारले नव्हते, हे आम्हांस नंतर कळले.

स्नानसंस्काराच्या दिवशी बाळाचे नाव विचारताच वडिलांनीच स्पष्ट स्वरात उत्तर दिले, “मारिया रेमेदिओस.” मागून आजी पुटपुटल्या, “घरात मात्र रमेदीच हं!” संध्याकाळी त्या घरी रोझरी झाली. तीत दोन मुलांची नावे घेतली गेली.