चुकून जमा झालेली रक्कम

विजेचें बिल हातीं येतें, आणि देय रकमेच्या जागीं उणें चिन्ह असून पुढें शेंकडों रुपये जमा दाखविलेले असतात. आपण तर इतके पैसे भरलेले नाहींत. अशा वेळीं गप्प बसावें, कीं कचेरींत जाऊन सांगावें? पारोळ्याच्या आसपास, जेथें कापूस विकला जाईपर्यंत पुष्कळ घरांत उसनवारीवर दिवस काढावे लागतात, तेथें हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं.

प्रत्येक जमा रक्कम चुकीचीच असते असें मात्र नव्हे. ग्राहकाच्या सुरक्षा ठेवीवर व्याज देणें 2003 च्या वीज अधिनियमाच्या 47 व्या कलमान्वयें बंधनकारक आहे, व तें बिलांत वळतें होतें. तें आपल्या हक्काचें. म्हणून आधीं चौकशी करावी.

पण ती चूकच ठरली तर? पुष्कळ जण म्हणतात कीं कंपनीनें आजवर अवाच्यासवा बिलें दिलीं, आतां फिटंफाट झाली. वाढीव बिलांचा जाच खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यासाठीं ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, व त्यावर विद्युत लोकपाल आहे. तेथें आपलें येणें उघडपणें मागावें. न सांगतां ठेवून घेणें म्हणजे आपणच फिर्यादी, आपणच न्यायाधीश आणि आपणच वसुली कारकून होणें होय.

शिवाय ती रक्कम कंपनीचीच कशावरून? महावितरणचा ग्राहक क्रमांक 12 आंकडी असतो. समजा, कोणा म्हातारीच्या नातवानें बिल भरतांना एक आंकडा चुकविला, आणि तिचे पैसे आमच्या खात्यावर पडले. आमच्या बिलांत जमा, तिच्या बिलांत थकबाकी! ती शपथेवर सांगते कीं पैसे भरले. कागद सांगतो कीं भरले नाहींत. पंधरा दिवसांची नोटीस येते, मग तार तुटते. तिच्या घरीं अंधार पडतो तो आमच्या मौनामुळें, आणि तिला आमचें नांवहि ठाऊक नसतें.

उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबाच्या मुलांनीं मिसराहून धान्य आणलें, तों दिलेला पैसा गोण्यांच्या तोंडाशींच सांपडला. देशांत दुष्काळ, घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ, आणि मिसरचा भांडारी कांहीं गरीब नव्हता. तरी कोणाची नजरचूक झाली असेल, असें समजून बापानें तो पैसा परत धाडला, आणि नव्या धान्याचा वेगळा दिला. (वास्तविक ती चूक नव्हतीच, योसेफानें तो मुद्दाम ठेवविला होता. पण बापास तें कोठें ठाऊक?)

कायद्याचेंहि म्हणणें निराळें नाहीं. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या 72 व्या कलमाप्रमाणें चुकून मिळालेला पैसा परत केला पाहिजे. दोन वर्षें कोणी विचारलें नाहीं म्हणजे सुटलों, असा एक समज आहे. कमी आकारणीच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं ठरविलें कीं चूक दोन वर्षांनंतर उघडकीस आली, तर कंपनीस त्या रकमेसाठीं वीज तोडतां येत नाहीं; तथापि मागणी करतां येते. दिवा राहतो, आणि ऋणहि राहतें.

कित्येकांची अडचण निराळीच असते. चूक ध्यानांत येईपर्यंत ती रक्कम तीन-चार महिन्यांच्या विजेंत जिरून गेलेली असते, आणि एकदम भरावयास हातीं पैसा नसतो. त्यांनीं बिलाची प्रत जोडून अर्ज द्यावा, हप्ते मागावे, आणि अर्जाची पोच घेतल्यावांचून कचेरींतून उठूं नये.