कोळशाचे माप आणि भाकरीचे माप

गेल्या कार्तिकात कोराडीस आमचे कीर्तन होते. एकीकडे जगदंबेचे शिखर आणि दुसरीकडे वीजकेंद्राची धुराडी, असे त्या गावाचे रूप आहे. कीर्तन आटोपून पंगत बसली. आमच्या शेजारी वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, पलीकडे त्यांची कॉलेजात जाणारी नात. वाढणाऱ्या बाई पोळी घेऊन आल्या तो मुलीने पानावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "नको काकू, माझ्या आजच्या कॅलरी संपल्या." आजोबा आमच्याकडे वळून म्हणाले, "महाराज, ही घासघास मोबाईलात लिहिते. आजीच्या हातचंही खात नाही. हे खरं की खोटं, तुम्हीच सांगा."

आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न सुटला नाही, कारण आमच्याही डॉक्टरांनी नुकतेच आम्हास वजन उतरवावयास सांगितले होते.

प्रथम कॅलरी म्हणजे काय ते पाहू. ते उष्णतेचे माप आहे. त्या गृहस्थांनीच सांगितले की, वीजकेंद्रात येणारा कोळसाही ह्याच मापाने पारखतात. आपल्याकडील किलोभर कोळशात सामान्यतः साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात. आणि नवल असे की किलोभर ज्वारीच्या पिठातही साडेतीन हजारांच्या जवळपासच भरतात! अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर ह्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नाचे हे हिशेब बसविले. पिष्ट पदार्थ आणि प्रथिने ह्यांच्या एका ग्रॅमास ४, आणि तुपातेलाच्या ग्रॅमास ९. बोलताना आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच होय.

आता मोजावे म्हणणाऱ्यांचा पक्ष ऐकू. माणूस आपल्या खाण्याविषयी स्वतःशीच खोटे बोलतो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, "आम्ही थोडेच खातो, तरी वजन उतरत नाही" असे म्हणणाऱ्यांची परीक्षा झाली. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षाच्या जेमतेम निम्मा निघाला. ती माणसे लबाड नव्हती. त्यांना खरेच तसे वाटत होते. आम्हीही महिनाभर वही घातली. जेवण आमचे बेताचेच; पण कीर्तनाच्या गावी प्रत्येक घरी चहा, आणि नाही म्हटले तर यजमानास वाईट वाटेल म्हणून तो घ्यावयाचा. दिवसाचे बारा कप झाले! कपात दोन चमचे साखर धरली तर नुसत्या साखरेच्या पावणेपाचशे-पाचशे कॅलरी. तीच गोष्ट उपवासाची. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच नाही पडली. शंभर ग्रॅम साबुदाणा, पन्नास ग्रॅम दाण्याचा कूट आणि दोन मोठे चमचे तूप घातलेली उसळ आठशेच्या घरात जाते. दोन भाकरी, वरण, भाजी त्याहून कमी भरते. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षे उपवास म्हणत होतो ती मेजवानी होती. वहीने आमची चोरी पकडली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु दुसरा पक्षही बळकट आहे. भट्टीत कोळसा कमी घातला तर आच कमी होते, एवढेच. भट्टीला मन नाही. देहाचे तसे नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले. वजने उतरली खरी, पण देहाने आपला खर्चही आवरता घेतला. आणि त्या तरुणांस दिवसरात्र अन्नावाचून दुसरे काही सुचेना. ज्या गोष्टीतून मन काढावयाचे तिचेच ध्यान लागले! पुन्हा, मोजल्यावाचून होत नाही असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगात ६०९ जणांस कॅलरी मोजावयास न सांगता भाज्या, साधे घरचे अन्न खावयास आणि साखर, मैदा सोडावयास सांगितले. वर्षात त्यांचे वजन सरासरीने पाच-सहा किलो उतरले. आमच्या नागपूर जिल्ह्यातलेच कै. डॉ. श्रीकांत जिचकार व्याख्यानांतून दोनदाच जेवण्याचा विचार सांगत. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी तो महाराष्ट्रभर नेला. त्यातही घास मोजणे नाही, वेळा पाळणे आहे. (मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत.)

मग सिद्धान्त काय? आपण माळेवर जप मोजतो. देवास हिशेब द्यावयाचा म्हणून नव्हे, तर मन सुटू नये म्हणून. मणी हे साधन. पण ज्याचे लक्ष मण्यांवरच राहिले त्याचे नाम राहून गेले. कॅलरीचेही असेच आहे. वही चार आठवडे लिहावी, चोरवाट कोठे आहे ती पाहावी, आणि मिटावी. चरकाचार्यांनी आहाराची मात्रा ज्याच्या त्याच्या अग्निबळावर सोडली आहे. श्रीज्ञानोबारायही सहाव्या अध्यायात आहाराला माप लावतात, पण ते माप युक्तीचे. आकडा सांगतो किती खाल्ले. 'आता पुरे' हे मात्र आतूनच कळावे लागते, आणि ते कळण्यास सावकाश, भुकेपुरते, चौघांत बसून जेवावे लागते.

उपनिषदाने अन्नाची निंदा करू नये असे व्रत सांगितले आहे. अन्नाची हाव धरणे ही जशी त्याची अवज्ञा, तशी त्याची भीती धरणे हीही अवज्ञाच. माझ्यासारख्या सुटलेल्या पोटाच्या म्हाताऱ्यास वही हिताची. त्या वाढत्या वयाच्या मुलीस, जी आधीच काडी झाली आहे, ती घातक. तिच्या आजोबांस आम्ही पत्राने कळविले आहे : पोरीला रागावू नका, तिच्यासोबत जेवायला बसा, आणि खाण्याची भीती जात नसेल तर तिला डॉक्टरांकडे न्या, तो हट्ट नव्हे, आजार असू शकतो.

आणि आमच्या यजमानांस एक विनंती. कीर्तनकारास चहा जरूर द्या, पण बिनसाखरेचा. प्रेम कमी झाले असे आम्ही समजणार नाही.

रामकृष्णहरि.