सात जन्म, चार खिळे

वटपौर्णिमेला सदाशिव पेठेतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या वडाला मी तेहतीस वर्षं सूत गुंडाळतेय. यंदा फेऱ्या घालताना नजर बुंध्यावर गेली. कुठल्याशा क्लासची पाटी कधीच गेलेली, पण चार गंजके खिळे तिथेच. भोवती सालीच्या गाठी. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले, पाणी मुरायला वीतभर माती नाही. ज्याच्याकडे सात जन्म मागायचे, त्याची याच जन्मी ही गत!

१९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१ला दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड ‘हेरिटेज’. तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, सात वर्षं जगवायची. सातच का, कोण जाणे. पण याला प्रायश्चित्त म्हणावं का? ऐंशी वर्षांच्या वडाच्या ढोलीतला पिंगळा ऐंशी रोपांपैकी कुठल्या काठीवर बसणार? शास्त्रातलं प्रायश्चित्त पश्चात्तापापासून सुरू होतं; इथे सुरुवातच परवानगीच्या अर्जाने. तरी कायदा नसण्यापेक्षा बरा, हेही खरं.

सूनबाईने बाजारातून वडाची फांदी आणली होती, पूजेला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन गेले. तीन खिळे निघाले. चौथा आत तुटला.