दगडाचं गाव

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याकडच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं. तिथल्या एका मुलाचा मामा शहापूरचा, आग्रा रोडवर ट्रक चालवणारा. धार जिल्ह्यातल्या बाग गावाजवळून त्यानं भाच्यासाठी एक तांबूस दगड आणला. भिंगातून पाहिलं की त्यात छिद्राछिद्रांच्या इवल्या फांद्या दिसत, शिंपल्यांचे तुकडे दिसत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या उथळ पाण्यात ब्रायोझोआ नावाचे चिमुकले जीव प्रवाळांसारख्या वसाहती करून राहत. त्यांच्याच चुनखडी घरांचा हा दगड.

मुलाला मोह झाला. चिठ्ठीवर त्यानं लिहिलं, 'माळशेज घाटात सापडला.' आपल्या घाटात समुद्र! पहिला नंबर ठरलेलाच.

आज्यानं दगड हातात घेतला. "माळशेजचा कातळ काळा. हा कुठला रे?"

पोरानं खरं ते सांगितलं. "पण दगड तर खराच आहे ना, आजा? गाव बदललं तर काय बिघडलं?"

"हळव्या भाताचं बियाणं गरव्याच्या मुड्यात भरलं, तर ते बियाणंही खरंच असतं," आजा म्हणाला. "पण खोल खाचरात पेरलं की पाऊस सरायच्या आत पिकतं आणि पाण्यात आडवं होतं. ज्यानं भरलं तो निवांत, पेरणाऱ्याचं वर्ष जातं."

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं हे सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याला १९८९ सालची हकिकत सांगितली. हिमालयात सापडले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले कित्येक जीवाश्म मोरोक्कोसारख्या दूरदेशीचे असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये मांडलं. जीवाश्म खरे होते, ठिकाणं खोटी होती. हिमालयातल्या प्राचीन समुद्रांविषयी त्या आधारावर लिहिलेलं सगळंच संशयात सापडलं.

मुलानं चिठ्ठी फाडली. नव्या चिठ्ठीवर बागचं नाव लिहिलं. शेजारी माळशेजचा काळा दगड ठेवला आणि त्यावर लिहिलं, 'लाव्हाचा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षं.' म्हणजे बागच्या समुद्रानंतर सुमारे अडीच कोटी वर्षांनी थिजलेला. दोन्ही दगड आता आपापली गोष्ट सांगत होते. नंबर दुसऱ्या शाळेला गेला.

तुमच्या शाळेच्या कपाटात बिननावाचे दगड-शिंपले पडले असतील, तर ते आणणारी माणसं हयात आहेत तोवर त्यांना विचारा आणि प्रत्येकावर गावाची चिठ्ठी लावून घ्या.