पापाचा वांटा

वाल्या कोळ्याची कथा आपल्याकडे घरोघरीं सांगतात. लुटीवर पोसलेल्या बायकामुलांस त्यानें विचारलें, माझ्या पापाचे वांटेकरी व्हाल काय? त्यांनीं साफ नाकारलें. त्यांस आपण दोष देतों, कारण त्यांनीं फळ चाखलें होतें. परंतु ज्यानें फळ चाखलें नाहीं, कृत्य पाहिलें नाहीं, केवळ ज्याच्या घामाच्या पैशानें शस्त्र विकत घेतलें गेलें, त्याच्या वांट्यास काय यावें?

हा प्रश्न निव्वळ काल्पनिक नाहीं. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या बाँबफेकी पथकास त्याचीं मूळ विमानें सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनीं देणगी दिलीं. प्रत्येक विमानावर तसा लेख होता, आणि पथकास ‘हैदराबाद पथक’ असेंच नांव पडलें. १९१८ च्या सप्टेंबरापासून युद्धतहकुबीपर्यंत या पथकानें शत्रूच्या मुलखावर साडेदहा टन बाँब टाकले; २१ ऑक्टोबरच्या एका स्वारींतून त्याचीं सात विमानें परतलीं नाहींत. पुढें पथकाच्या बोधचिन्हावर जो वाघ आला, तोहि निजामाच्या राजचिन्हांतला.

जालना तेव्हां निजामी राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८१ सालीं झाला. देणगी राज्याच्या खजिन्यांतली कीं निजामाच्या खासगी दौलतींतली, हा भेद हिशेबनिसाच्या कामाचा. दोहोंचा झरा अखेर रयतेच्या साऱ्यांतच होता. अंबड-भोकरदनकडे ज्वारी-कापूस पिकविणाऱ्या कुणब्यास आपला रुपया आकाशांत उडाल्याची वार्ताहि नसावी. त्याच १९१८ सालीं दख्खनेंत पाऊस फसला होता, आणि इन्फ्लुएंझाच्या साथीनें घरेंच्या घरें ओस पडत होतीं.

आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं लढाई झाली, तेव्हां मारणारा आणि मरणारा एकाच रणांगणावर उभे होते. विमानानें दोघांतलें अंतर वाढविलें, आणि अंतराबरोबर दोषाची जाणीवहि पातळ झाली. वैमानिक म्हणतो, मीं हुकूम पाळला. सेनापति म्हणतो, मला साधन मिळालें. दाता म्हणतो, मीं मित्रास साह्य केलें. प्रत्येकाचें म्हणणें थोडें खरें असतें, आणि प्रेत मात्र कोणाच्याच दारांत पडत नाहीं.

कोणी म्हणेल, तें युद्धच न्याय्य होतें. मग पापाची गोष्ट कशाला? असेल. तर मग पुण्याचा हिशेब पाहूं. युद्धसाह्याबद्दल १९१८ सालीं मोठा किताब निजामास मिळाला, कुणब्यास नव्हे. ज्यानें जमेची बाजू आपल्या नांवें लिहून घेतली, त्यानें खर्चाची बाजूहि उचलली पाहिजे. दोषास ज्ञान आणि संमति हीं दोन्ही लागतात. कुणब्यापाशीं यांपैकीं एकहि नव्हतें. म्हणून आमच्या मतें तो निर्दोष आहे.

परंतु त्याची ही ढाल आपल्या हातीं नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्तेचा शेवट झाला. आज आपण कर देतों तसें मतहि देतों, वर्तमानपत्र वाचतों, प्रश्न विचारूं शकतों. आपल्या पैशानें उडणारें विमान कोठें जातें हें आपणांस ठाऊक नसेल, तर बहुधा आपण विचारलें नाहीं म्हणून. न विचारणें ही देखील एक संमतिच आहे. वाल्याच्या बायकामुलांनीं दिलेलें उत्तर देण्याचा अधिकार, तेव्हां, आपण केव्हांच गमावला आहे.