ओझें कोणाचें?

साथीच्या दिवसांत सरकारी कामावरील मनुष्याच्या मनावर जो ताण पडतो, तो कशामुळें? काम फार म्हणून, असें आपण सहज म्हणतों. परंतु बीड जिल्ह्यांत कष्टांचें नवल कोणास आहे? दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास येथून लाखों माणसें कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. तेव्हां कारण दुसरें असावें.

सन 2020 च्या एप्रिल महिन्यांत, टाळेबंदी चालू असतांना, राज्य सरकारनें कारखान्यांवर अडकलेल्या ऊसतोड कामगारांस घरीं परतण्याची परवानगी दिली. ते गांवोगांवीं आले. त्यांची नोंद घेणें, ताप-खोकला विचारणें, त्यांस चौदा दिवस निराळें राहण्यास सांगणें, हें काम ज्यांच्या गळ्यांत पडलें त्यांत गांवची आशाताई होती. ज्यास "घराबाहेर पडूं नका" म्हणावयाचें, तो कदाचित् तिचाच चुलत दीर. हुकूम वरचा, दार ओळखीचें, आणि हातीं अधिकार कांहीं नाहीं. हुकूम बदलला तरी शिव्या तिलाच. शिवाय सायंकाळीं परततांना, लेंकरांसाठीं पदरांत काय घेऊन चाललें आहें, ही धास्ती. थकलेला मनुष्य निजला म्हणजे हुशार होतो. ही धास्ती निजूंच देत नाहीं.

नाक्यांवर शिक्षकांसहि उभें केलें होतें. पण त्यांस पगार तरी होता. आशाताई सन 2005 च्या योजनेप्रमाणें "स्वयंसेविका". तिला पगार नव्हे, कामागणिक मोबदला. 22 मार्च 2020 रोजीं सायंकाळीं देशानें अशा सेवकांसाठीं टाळ्या-थाळ्या वाजविल्या. त्यांत वाईट कांहीं नव्हतें, पण चूलहि पेटली नाहीं.

पुढें 15 जून 2021 पासून राज्यांतील सुमारें 70 हजार आशाताईंनीं काम बंद ठेविलें. साथ चालू असतां रुग्णास सोडून बसणें पाप नव्हे काय, असें पुष्कळांनीं विचारलें. प्रश्न खोटा नाहीं. रुग्णाचा यांत अपराध नव्हता. आणि ज्या गरोदर बाईस त्या आठवड्यांत सोबत मिळाली नसेल, तिला आमचा कोणताहि युक्तिवाद पुरणार नाहीं. तरी मला वाटतें, दोष प्रथम तिकडे जात नाहीं. ही बाई आजाऱ्यास टाकून जाणार नाहीं, हें ठाऊक असल्यामुळेंच तिचें देणें वर्षानुवर्षें तुटपुंजें राहिलें. दुसऱ्याच्या सद्बुद्धीवर असा खर्च भागविणें हा कोणता न्याय?

आणि वाचकहो, सरकारकडे बोट दाखवून आपणहि सुटत नाहीं. ती दाराशीं आली तेव्हां आपल्यांतील कितीकांनीं "हीच रोग आणते" म्हणून कडी लावली, आणि कितीकांनीं ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेविला?

संप 23 जून रोजीं मिटला. जुलैपासून महिन्यास एक हजार रुपयांची वाढ व पांचशे रुपये साथीचा भत्ता देण्याचें ठरलें, आणि वही घेऊन त्या पुनः त्याच दारांशीं गेल्या.