मधुमेह कुणाच्या कर्माचा?

1910-11च्या हिवाळ्यात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. वय चोपन्न, आणि अंगात मधुमेह. त्या काळी या रोगावर पथ्याखेरीज फारसं काही हाताशी नव्हतं. टोरांटोत इन्शुलिन सापडलं ते 1921 साली, टिळक गेल्यानंतर वर्षभराने. या ग्रंथात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खं प्रकरण आहे. केलेलं कर्म भोगल्याशिवाय सुटत नसेल, तर माणसाच्या हाती उरतं काय, हा त्यातला पेच. आज दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट हातात धरून बसलेल्या बाईला पडलेला प्रश्नही त्याच जातीचा असतो. ती एवढंच म्हणते, ‘‘मी असं काय केलं होतं?’’

तिच्यासारखी माणसं थोडी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली आले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातल्या जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी विचारलेलं असतं, ‘‘गोड फार खायचात का हो?’’

आजाऱ्याला आरोपी करण्याची खोड जुनी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तर गुन्हा आणि व्याधी यांच्या जोड्याच लावलेल्या आहेत. सोनं चोरणाऱ्याची नखं कुजतात, मद्य पिणाऱ्याचे दात काळे होतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. 1882 साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि त्या यादीतली निदान एक नोंद तरी निकालात निघाली. पण निवाडा करण्याची हौस संपली नाही. पूर्वजन्माच्या जागी आता जीवनशैली आली. एका अर्थी हा नवा निवाडा अधिक कठोर आहे. मागचा जन्म कुणालाच आठवत नाही, त्यामुळे जुन्या शिक्षेत थोडी तरी दया होती. आता लग्नात खाल्लेली जिलबी, चुकलेला सकाळचा फेरफटका, सगळ्याचा हिशेब घरातलेच लोक मांडून दाखवतात. महाराष्ट्रात दर दोन तासांनी खावं की दिवसातून दोनदाच, यावर घराघरांत दोन तट पडले. त्या वादातही साखर उतरली नाही की दोष ठरतो तो माणसाच्या निश्चयाचा.

परंपरा मात्र एकाच सुरात बोलत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूला, आत्रेयांना विचारतो, आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आत्रेयांचं उत्तर मोठं रोखठोक आहे. सगळं ठरलेलंच असेल, तर औषध कशाला घ्यायचं, आणि पिसाळलेला हत्ती समोर आला तर बाजूला तरी कशाला व्हायचं? आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असतं, असं ते सांगतात. दैव म्हणजे पूर्वदेहात केलेलं, पुरुषकार म्हणजे या देहात केलेलं. दोघांत जे बलवान, ते दुसऱ्याला दाबतं. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की सुखदुःखाची प्रत्येक वेदना पूर्वकर्मातूनच येते असं म्हणणारे बरोबर आहेत का? बुद्ध आठ कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतुपालट, विषम वागणूक, आघात, आणि आठवं कर्म. सगळ्याचं खापर कर्मावर फोडणारे लोक अनुभवालाही सोडून बोलतात, असं त्याचं मत. दुखणाऱ्या माणसाला इतकं न्यायाने वागवणारी उत्तरं आपल्याकडे असताना, घरात सहज तोंडी येतं ते मात्र ‘भोग आहेत’.

मधुमेहाबाबत सुश्रुत तर नेमकेपणानेच बोलतो. त्याच्या मते प्रमेह दोन प्रकारचा: एक सहज, म्हणजे आईबापांच्या बीजदोषातून आलेला, आणि दुसरा अपथ्यातून झालेला. पहिल्यातला रोगी कृश असतो, दुसऱ्यातला स्थूल.

या कृश रोग्याची गोष्ट आधुनिक वैद्यकाला नीट कळली ती बऱ्याच अंशी पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांत 21.2 टक्के. वजनकाट्याला सडपातळ वाटणारा भारतीय माणूस आतून चरबीदार असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला पटवलं. हा फरक कुठून येतो, याचा माग याज्ञिकांचा गट 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेत होता. तिथल्या बायांचं गरोदरपणापूर्वीचं सरासरी वजन 42 किलोंच्या आसपास होतं. त्यांची बाळं 2.7 किलोंच्या जवळपास भरत, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. पण पुण्याकडच्या बाळांत कमी पडलं होतं ते स्नायूंचं आणि अवयवांचं वजन. चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे असंही दिसलं, की ज्या आयांमध्ये बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. सहा वर्षांच्या पोराने कोणतं पथ्य मोडलेलं असणार?

म्हणजे पुरुषकार व्यर्थ आहे, असं नव्हे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत आहार आणि व्यायाम सुधारलेल्या, उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तो निष्कर्ष 2002चा. चेन्नईत अशीच चाचणी झाली, तिचा निष्कर्ष 2006 साली आला, आणि घट निघाली 28.5 टक्के. दोन चाचण्यांतली माणसं आणि पद्धती एकसारख्या नव्हत्या, त्यामुळे आकडे थेट शेजारी मांडताना सावध राहायला हवं. तरी दोन्हीकडे प्रयत्नाला फळ आहे आणि दोन्हीकडे त्या फळाला मर्यादाही आहे. घाम गाळूनही ज्याची साखर वाढली, त्याला आळशी म्हणणं म्हणूनच अन्यायाचं. आणि ‘नशिबात होतं’ म्हणून त्याची गोळी किंवा चालणं बंद होऊ देणं हासुद्धा तितकाच अन्याय.

इथे एक नवा धोका आहे. दोष बापड्या रोग्यावरून उतरवायचा आणि थेट त्याच्या आईच्या डोक्यावर ठेवायचा, हे फार सोपं आहे. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसलं, की शेतात राबणं आणि घरी पाणी भरणं गरोदरपणातही ज्यांना सुटलं नाही, त्यांची बाळं आणखी लहान निपजली. पालेभाज्या, फळं, दूध ज्यांच्या पोटात अधिक वेळा गेलं, त्यांची बाळं भरली. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खाणाऱ्या बाईला ही निवड होती कुठे? चरकसंहितेच्या त्याच विमानस्थानात साथीच्या रोगांचा विचार आहे. प्रकृती वेगळी, आहार वेगळा, तरी माणसं एकदम का मरतात, असं अग्निवेश विचारतो. हवा, पाणी, भूमी आणि काळ बिघडतात म्हणून, असं आत्रेय सांगतात. आणि त्या बिघाडाच्या मुळाशी जाताना ते देशाच्या, नगराच्या प्रमुखांनी धर्म सोडल्याकडे बोट दाखवतात. म्हणजे रोगाला कर्म कारण असेल, तरी ते दर वेळी रोग्याचंच असतं असं नाही. गर्भवतीच्या ताटात काय पडलं, विहीर किती लांब होती, रेशनवर तांदूळ-गहू मिळाला पण डाळ आणि दूध परवडलं का, ही सगळी कर्मंच आहेत, आणि ती करणारे हात अनेक आहेत.

त्या सहा खेड्यांतली मुलं मोठी झाली. 2012 साली याज्ञिकांच्या गटाने त्या तरुण मुलामुलींना, ती आईबाप होण्याआधीच, बी-12च्या गोळ्या द्यायची चाचणी सुरू केली. गोळी मुलग्यांनाही दिली, कारण बाळाचं शरीर बापाकडूनही घडतं. नंतर त्यांना झालेली बाळंही संशोधकांनी तपासली. या बाळांपैकी कुणालाही आपण कुठल्या कर्माचं फळ आहोत हे विचारता येणार नव्हतं. त्यांच्या आईच्या पोटात वेळेवर काय गेलं, हे मात्र मोजता आलं.